अद्भुत खेळांतील बारकावे

अद्भुतरम्य कथेंत बारकाव्यांस फारसें महत्त्व नसतें, अशी आमची पुष्कळ दिवसांची समजूत होती. निन्टेंडोचा २०१७ मधील 'द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा व्हिडिओ गेम पाहिल्यावर ती आम्हांस सोडावी लागली.

नायक लिंक शंभर वर्षांच्या निद्रेंतून जागा होतो, तों हायरूलचें राज्य उद्ध्वस्त झालेलें असतें. माळावर एके ठिकाणीं मोडकीं कुंपणें व वाटोळ्या धांवपट्टीच्या खुणा दिसतात. नकाशावर नांव एवढेंच : 'रँच रुइन्स'. परंतु १९९८ चा 'ऑकॅरिना ऑफ टाइम' ज्यानें खेळला असेल, त्यास त्या आंखणींत लॉन लॉन रँच तत्काळ ओळखूं येतें. एपोना घोडी मिळाली ती तेथेंच! ही ओळख कोणी पात्र करून देत नाहीं, व ती पटल्याबद्दल बक्षीसहि नाहीं. लिंकची तर स्मृतीच गेलेली; तेव्हां तेथें हळहळतो तो खेळणारा, नायक नव्हे. असा शोक शब्दांनीं साधला नसता.

याच खेळांत कोरोकांचीं ९०० बीजेंहि दडविलेलीं आहेत. शस्त्रें ठेवण्याच्या जागा पुरत्या वाढविण्यास त्यांपैकीं ४४१ पुरतात. पण मोजदाद आली कीं पाहणें सरतें व वसुली सुरू होते. सगळीं जमविणारास विष्ठेच्या आकाराची सोनेरी भेट देऊन कर्त्यांनीं त्याची थट्टाहि केली आहे. ती आम्हांस रुचली, ९०० चा आंकडा मात्र रुचला नाहीं.

रात्रीं घोड्यावरून दूरवर दौड करावी, तों संगीतांत झेल्डाची जुनी मुख्य धून अतिशय संथपणें उमटूं लागते. मध्येंच घोडा थांबविणारास ती ऐकूंहि येत नसेल.