मधल्या सुट्टीतला छळ : एका पुस्तकाची तपासणी

एखादे घुबड दिवसाउजेडी चुकून उघड्या फांदीवर येऊन बसले, तर काय होते हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कावळे ओरडत गोळा होतात, कोतवाल वरून सूर मारून टोचून जातो आणि बिचाऱ्या घुबडाला तेथून उठावेच लागते. पक्ष्यांच्या या वागण्याला इंग्रजीत 'मॉबिंग' म्हणतात. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांच्या लिखाणातला हा शब्द पीटर-पॉल हाइनेमान या स्वीडिश डॉक्टरांनी १९६९ मध्ये उचलला आणि शाळेच्या मैदानावर आणला. एका मुलाभोवती जमून त्याला हैराण करणाऱ्या मुलांचे वर्णन त्यांनी या शब्दाने केले. स्वीडन आणि नॉर्वेमध्ये शाळेतील छळाला आजही हाच शब्द रूढ आहे.

शास्त्रात उपमा उपयोगी पडते, पण ती फुकट मिळत नाही. कावळ्यांच्या दृष्टीने घुबड हा खरोखरीचा शत्रू असतो. रात्री तो त्यांची पिल्ले उचलतो. शाळेत ज्याला घेरले जाते ते मूल मात्र बहुधा कोणाचेच काही बिघडवू न शकणारे असते. दुसरा आक्षेप डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनी घेतला. 'झुंड' म्हटले की जबाबदारी कोणा एकावर राहत नाही. प्रत्यक्षात पुढाकार घेणारी दोन-तीन मुले असतात, आणि तीच ती मुले वर्षानुवर्षे तेच करीत राहतात, असे त्यांचे निरीक्षण होते. १९७३ मध्ये स्वीडिश भाषेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या पहिल्या पुस्तकाच्या नावात त्यांनी छळ सोसणाऱ्या मुलांसाठी जो शब्द वापरला, त्याचा शब्दशः अर्थ 'टोचा खाणारे कोंबडीचे पिल्लू' असा आहे. पक्ष्यांपासून सुटका त्यांचीही झाली नाही!

ओल्वेउस २०२० मध्ये निवर्तले. शाळेतील दादागिरीवर जगभर जे काम झाले त्याचा पाया त्यांनी घातला. त्यांचे १९९३ मध्ये इंग्रजीत आलेले 'बुलिंग अ‍ॅट स्कूल' हे छोटे पुस्तक शिक्षकांसाठीच लिहिलेले आहे. त्याच्या उपशीर्षकाचा अर्थ 'आपल्याला काय माहीत आहे आणि आपण काय करू शकतो' असा होतो. या दोन भागांची तपासणी निरनिराळी करावी असे आम्हांला वाटते, कारण दोहोंची ताकद सारखी नाही.

काय माहीत आहे?

१९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात १० ते १४ वयाच्या तीन मुलांनी आपला जीव दिला. सोबत्यांकडून झालेला तीव्र छळ हे त्यामागचे कारण असावे, असे पुढे आले. देश हादरला आणि १९८३ मध्ये सरकारने सर्व शाळांसाठी मोहीम आखली. त्या वेळी सुमारे १,३०,००० विद्यार्थ्यांकडून निनावी प्रश्नावली भरून घेण्यात आली. सुमारे ९ टक्के मुलांनी आपला अधूनमधून किंवा त्याहून जास्त वेळा छळ होत असल्याचे नोंदवले; सुमारे ७ टक्के मुलांनी आपण इतरांना छळत असल्याचे मान्य केले.

हे मोजण्यापूर्वी ओल्वेउस यांनी व्याख्या नीट बांधली, हे त्यांचे मोठे काम. छळ म्हणायला तीन गोष्टी लागतात : दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणे, आणि दोन बाजूंच्या ताकदीत तफावत. सारख्या ताकदीच्या दोन मुलांची मारामारी झाली तर तो छळ नव्हे. उलट, हातही न लावता एखाद्या मुलीला खेळात न घेणे, तिच्याशी कोणी बोलायचे नाही असे ठरवणे, हा छळच. आपल्या भाषेत या दुसऱ्या प्रकाराला जुना आणि नेमका शब्द आहे : वाळीत टाकणे. मोठ्या माणसांना वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा कायदा केला. वर्गात मात्र तीच गोष्ट 'मुलींची कट्टी' म्हणून हसण्यावारी नेली जाते.

या पाहणीने शिक्षकांचे काही ठाम समज खोटे पाडले. छळ शाळेच्या वाटेवर होतो, शाळेत नव्हे, असे म्हटले जाई. आकडे उलटे निघाले. शाळेतच छळ झाल्याचे सांगणाऱ्या मुलांची संख्या प्राथमिक वर्गांत वाटेवरच्या जवळजवळ दुप्पट, तर वरच्या वर्गांत तिप्पट होती. दांडगट मूल आतून भित्रे असते, हा समजही टिकला नाही. आणि सर्वांत साधा, पण आमच्या मते सर्वांत मोलाचा निष्कर्ष असा की, ज्या शाळांत मधल्या सुट्टीत मैदानावर जास्त शिक्षक हजर असत, तेथे छळ कमी आढळला.

येथवर पुस्तक भक्कम आहे. पण तीन ठिकाणी वाचकाने थांबून विचार करायला हवा.

पहिले ठिकाण म्हणजे वर्गाचा आकार. वर्ग मोठा की लहान याचा छळाशी संबंध दिसला नाही, असे ओल्वेउस सांगतात. त्यांच्या आकड्यांपुरते ते बरोबर आहे. परंतु तेथील वर्ग तिशीच्या आतबाहेरचे. स्प्रिंगला दहा-वीस ग्रॅमची वजने टांगून काढलेला सरळ रेषेचा आलेख पाच किलोलाही लागू पडेल, असे आपण नववीच्या मुलालाही म्हणू देत नाही. मग अठ्ठावीस आणि अठरा मुलांच्या वर्गांत फरक नाही, यावरून साठ-सत्तर मुलांच्या वर्गाबद्दल काही म्हणता येत नाही. हा निष्कर्ष वर्ग फुगवण्याच्या समर्थनार्थ कोणी पुढे केला, तर शिक्षकांनी हेच उत्तर द्यावे.

दुसरे ठिकाण म्हणजे वेगळेपणा. चष्मा, लठ्ठपणा, केसांचा रंग, बोलण्याची ढब अशा बाह्य गोष्टींमुळे छळ होतो हा समज आकड्यांत उतरला नाही, असे पुस्तक म्हणते. मात्र ते ज्या समाजात मोजले गेले तो त्या वेळी बराचसा एकजिनसी होता. आपल्याकडे हजेरी घेताना उच्चारलेले आडनावच पुष्कळांना पुष्कळ काही सांगून जाते. जात, धर्म, बोली, कातडीचा रंग, बापाचा धंदा यांवरून होणारी हेटाळणी ही चष्म्यावरून चिडवण्याच्या जातीची नव्हे; तिच्यामागे वर्गाबाहेरच्या समाजाची ताकद उभी असते. व्याख्येतला 'ताकदीतील तफावत' हा भाग येथे पुरेपूर लागू पडतो. पुस्तकातला निष्कर्ष मात्र लागू पडेल असे धरून चालता येणार नाही.

तिसरे ठिकाण सर्वांत नाजूक आहे. सहावी ते नववीत दांडगाई करणारे म्हणून नोंदलेल्या मुलग्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांना वयाच्या २४ व्या वर्षापर्यंत निदान एका गुन्ह्यासाठी शिक्षा झालेली होती. ३५ ते ४० टक्क्यांना तीन किंवा अधिक वेळा. तुलनेसाठी घेतलेल्या मुलग्यांत हे दुसरे प्रमाण १० टक्के होते. आकडा बोलका आहे आणि शाळेतील दादागिरी व पुढची गुन्हेगारी यांचे नाते दाखवण्यासाठी तो नेहमी दिला जातो. तो सांगताना उरलेले ४० टक्के विसरले जातात. दहापैकी चार मुले कोर्टाची पायरी कधीच चढली नाहीत. शिवाय दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणून पहिलीने दुसरी घडवली असे होत नाही. घरातील मारझोडीसारखे तिसरेच कारण दोहोंच्या मुळाशी असू शकते. या आकड्याचा उपयोग वेळीच लक्ष घालण्यासाठी करावा. बारा वर्षांच्या मुलाच्या कपाळावर 'भावी गुन्हेगार' असा शिक्का मारण्यासाठी तो केला, तर ते मुलाचे आणि शास्त्राचेही नुकसान होईल.

काय करू शकतो?

१९८३ च्या मोहिमेत शाळांना शिक्षकांसाठी ३२ पानी पुस्तिका, पालकांसाठी चार पानी घडीपत्रिका, २५ मिनिटांची व्हिडिओ फीत आणि प्रश्नावली उपलब्ध करून देण्यात आली. बर्गेन शहरातील ४२ शाळांतील सुमारे २,५०० विद्यार्थ्यांची नोंद ओल्वेउस यांनी अडीच वर्षे ठेवली. छळाचे प्रमाण निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटले, असा त्यांचा निष्कर्ष. हाच दावा जगभर गाजला.

मोजण्याची पद्धत हुशारीची होती. मुले मोठी होतात तसतसा त्यांचा छळ आपोआप कमी होतो. म्हणून चौथीतल्या मुलांची पुढच्या वर्षी पाचवीत गेल्यावर स्वतःशीच तुलना केली, तर काहीही न करता 'यश' दिसेल. हे टाळण्यासाठी त्यांनी १९८४ च्या पाचवीची तुलना १९८३ च्या, म्हणजे मोहिमेपूर्वीच्या पाचवीशी केली. वय सारखे, शाळाही त्याच. विज्ञानप्रदर्शनातल्या प्रकल्पांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांनी ही युक्ती जरूर समजून घ्यावी.

पण एक उणीव राहतेच. मोहीम साऱ्या देशात चालू असल्यामुळे तिच्यापासून दूर राहिलेल्या, तुलनेसाठी घेता येतील अशा शाळा उरल्याच नाहीत. तीन मुलांच्या मृत्यूनंतर वर्तमानपत्रे, दूरदर्शन, घरोघरची चर्चा यांचा जो परिणाम झाला असेल, तोही कार्यक्रमाच्या खात्यावर जमा झाला. त्यातून, मोजमाप मुख्यतः मुलांच्या स्वतःच्या उत्तरांवर होते. वर्षभर 'छळ वाईट' हे ऐकल्यावर मुलगा खरेच सुधारतो, की नुसताच कबूल करायचा थांबतो? ओल्वेउस यांनी वर्गमित्रांचे आणि शिक्षकांचे अंदाजही पडताळून पाहिले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरी शंका पूर्ण फिटत नाही.

ती बळावते ती रोगालँड या दुसऱ्या भागातील अनुभवामुळे. तेथे एर्लिंग रोलँड यांनी तीन वर्षांनंतर पाहणी केली, तेव्हा तशी घट आढळली नाही. मुलग्यांच्या बाबतीत तर थोडी वाढच दिसली. ओल्वेउस यांनी त्या पाहणीच्या आखणीतील दोष दाखवून ती बाजूला सारली. आम्हांला ती इतक्या सहजी बाजूला सारण्याजोगी वाटत नाही. साहित्य दोन्हीकडे तेच होते. बर्गेनच्या शाळांना मात्र संशोधकांचा सहवास, आकड्यांचा परतावा आणि सल्ला मिळत राहिला. रोगालँडमध्ये साहित्य पोचले आणि बव्हंशी शाळांवर सोपवले गेले. ज्या शाळांनी मन लावून काम केले, त्यांचे निकाल तेथेही बरे होते. कपाटात ठेवलेली पुस्तिका कोणाचेही रक्षण करीत नाही, हा धडा या दोन आकड्यांच्या भांडणातून मिळतो आणि तो पुस्तकात हवा होता.

पुढे फिनलंडमध्ये ७८ शाळांची चिठ्ठ्या टाकावी तशी दोन गटांत विभागणी करून 'किवा' या कार्यक्रमाची चाचणी झाली, आणि २०११ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. छळ निश्चित घटला, पण निम्म्याने नव्हे. फॅरिंग्टन आणि टोफी यांनी २००९ मध्ये अनेक देशांतील अशा ४४ चाचण्या एकत्र तपासल्या. छळ सोसणाऱ्यांचे प्रमाण सरासरीने १७ ते २० टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांना दिसले. आकडा लहान वाटेल. पण छळ सोसणाऱ्या दर पाच-सहा मुलांमागे एकाची सुटका, असा त्याचा अर्थ आहे. त्या एका मुलाच्या जागी उभे राहून पाहिले, की तो लहान वाटत नाही. उपयोगी ठरलेल्या गोष्टींत पालकसभा आणि मैदानावरची देखरेख या होत्या, दोन्ही बिनखर्चाच्या.

पुस्तकाबाहेर राहिलेला माणूस

ओल्वेउस यांच्या व्याख्येत छळणारा हा नेहमी 'दुसरा विद्यार्थी' असतो. त्यामुळे शिक्षक आपोआप बाहेर राहतो. परंतु हेतू, पुनरावृत्ती आणि ताकदीतील तफावत या तिन्ही कसोट्या रोज त्याच मुलाला 'ढ' म्हणून उभे करणाऱ्या गुरुजींना लावून पाहा. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. सर्वांदेखत एखाद्याला नावे ठेवणे हे शिक्षकाकडून चालते, असे दिसले की मुले तेच मैदानावर गिरवतात. ओल्वेउस यांचे सूत्र साधे आहे : मोठ्यांनी मुलांना माया द्यावी, मर्यादा ठामपणे सांगाव्यात, त्या मोडल्यास मारहाण व अपमान न करता पण न चुकता परिणाम भोगायला लावावा. हे सूत्र शिक्षकांना स्वतःलाही लावावे लागते.

म्हणून पुस्तक वाचावे. पण त्यातले आकडे उसने घेऊ नयेत, आपले आपण मोजावेत. वर्गात छापील चिठ्ठ्या वाटाव्यात : या महिन्यात कोणी तुला पुन्हा पुन्हा त्रास दिला का? किती वेळा? कोठे? केव्हा? उत्तरे केवळ खुणा करून द्यायची, म्हणजे अक्षर ओळखले जाणार नाही. नावे विचारू नयेत. शाळेच्या नकाशावर 'कोठे' याची टिंबे मांडली, की पाण्याच्या टाकीमागे, जिन्याखाली, स्वच्छतागृहाजवळ ती दाटलेली दिसतील किंवा कदाचित भलत्याच जागी. तेथे मधल्या सुट्टीत एक शिक्षक उभा करावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. मात्र कोणी मूल लैंगिक अत्याचाराबद्दल सांगू लागले, तर तो पाहणीचा विषय राहत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

घुबडाला निदान उडून जाता येते. आपल्या वर्गातल्या मुलाला मात्र उद्या सकाळी पुन्हा त्याच बाकावर येऊन बसायचे असते.