पहिला दगड कोणी मारायचा?

पंडिता रमाबाईंनी १९०७ साली आपल्या धर्मांतराची साक्ष इंग्रजीत लिहिली. तीत लंडनमधल्या फुलम इथल्या एका घराची आठवण आहे. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना तिथे अँग्लिकन सिस्टर सांभाळत होत्या. अशा बाईला राजाने कुत्र्यांकडून खाववावे, हे रमाबाईंना शास्त्रांतून ठाऊक होते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तसे आहेच. मग ख्रिस्ती लोक या बायकांना जवळ का करतात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली, विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली.

या आठवणीतून एक सोपी विभागणी हाती लागते: शास्त्र कठोर, ख्रिस्त दयाळू. बायबलच्या आतही हीच रेघ ओढली जाते. जुना करार म्हणजे नियम, नवा करार म्हणजे दया. मला ती पटत नाही. शोमरोनी बाईच्या गोष्टीत खटला नाही, त्यामुळे नियमाची परीक्षाही होत नाही. ती होते त्याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायात.

तिथे व्यभिचार करताना पकडलेल्या एका बाईला येशूपुढे उभे करतात. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अशीला दगडांनी मारायचे, तुझे काय म्हणणे, असा प्रश्न आहे. आणणारे कोण? मराठी बायबलात त्यांना परूशी आणि ‘शास्त्री’ म्हटले आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या मुलीने, पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणलेल्या बाईने, हा शब्द कसा वाचला असेल, असा विचार माझ्या मनात येतो. शास्त्री काय करतात, हे तिला घरातूनच माहीत होते.

आता शास्त्र्यांनी पुढे केलेला नियम पूर्ण वाचू. ‘लेवीय’ या पुस्तकाचा विसावा अध्याय आणि ‘अनुवाद’ या पुस्तकाचा बाविसावा अध्याय, दोन्ही ठिकाणी शिक्षा दोघांना आहे, पुरुषालाही. बाई कृत्य चालू असताना पकडली असेल, तर पुरुष तिथेच असणार. अंगणात मात्र ती एकटी उभी आहे. म्हणजे दया मागण्याच्या आधीच नियम मोडला गेला आहे, आणि तो मोडणारे नियमाचेच राखणदार आहेत.

मुंबईच्या उपनगरात सोसायटीची नियमावली वापरात आलेली ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे ओळखीचे वाटेल. अंधेरीत मी राहतो त्या इमारतीत, भाड्याने राहणाऱ्या एका मुलीकडे रात्री मित्र आला म्हणून सभा भरली होती. पाहुण्यांची नोंद करण्याचा नियम सगळ्यांनाच होता. मालकांच्या मुलांकडे कोण येते, याची वही कोणी उघडली नाही.

येशूचे उत्तर सर्वांना माहीत आहे: निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा. हे आपण सुभाषितासारखे वापरतो, पण त्यात कायद्याचा धागा आहे. ‘अनुवाद’च्या सतराव्या अध्यायानुसार देहदंडाला दोन किंवा तीन साक्षीदार लागतात, आणि पहिला हात साक्षीदारांनीच उचलायचा असतो. ज्याने बोट दाखवले, त्यानेच आधी मारायचे. येशू नियम बाजूला सारत नाही, त्यातले गाळलेले कलम समोर ठेवतो. साक्षीदार निघून जातात, खटला उरत नाही.

नियमाच्या आतूनच जीव वाचवण्याची ही रीत ज्यू परंपरेत परकी नाही. सात वर्षांतून एकाला देहदंड देणारे न्यायमंडळ मिश्नामध्ये संहारक ठरवले आहे. एका गुरूंच्या मते सत्तर वर्षांतून एक दिला तरी. कोकणातले आणि मुंबईतले मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्या धर्मग्रंथाला मानतात, त्याला नुसते ‘कठोर’ म्हणून मोकळे होणे हे अर्धे वाचन आहे.

पण गोष्ट तिथे थांबली असती, तर ती हुशार वकिलाची गोष्ट झाली असती. सगळे गेल्यावर एक माणूस उरतो, आणि ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे दगड टाकायला पात्र असा तोच एक आहे. तो टाकत नाही. पाप करू नकोस असे सांगून तिला जाऊ देतो. नियम पुरा वाचल्याने अंगण रिकामे झाले. दया सुरू होते ती त्यानंतर, शिक्षा करण्याचा अधिकार असलेल्याने तो न वापरल्यावर.

ही दया पचायला जड गेली असावी. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत हा प्रसंग नाही, आणि आजची अनेक बायबले तो कंसात छापतात. तो मागाहून आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. संत ऑगस्टीनचा संशय वेगळा होता: आपल्या बायकांना मोकळीक मिळेल या भीतीने काहींनी तो काढून टाकला. संशय खरा असो वा नसो, त्या काळच्या नवऱ्यांबद्दल तो बरेच सांगतो.

गोष्टीत मला एक उणीव मात्र जाणवते. सुरुवातीला पुरुष गायब आहे, आणि शेवटी बाईचे घर. ‘जा’ म्हटल्यावर ती जाणार कुठे? ज्यांनी तिला ओढून आणले, त्यांच्याच गल्लीत ना? योहान याबद्दल काही लिहीत नाही. रमाबाईंनी फुलममध्ये गोष्ट नंतर ऐकली, घर आधी पाहिले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच बायकांसाठी ‘कृपासदन’ उभे केले. आठव्या अध्यायावरचे मराठीतले सर्वांत नेमके भाष्य मला ते वाटते. कृपेला तिथे दार होते, जेवण होते, आणि दुसऱ्या दिवशी उठून करायला काम होते.