पावतीतला उत्तररंग

रसग्रहण करताना आधी कवीचं नाव सांगायची पद्धत आहे. इथे कवी अज्ञात आहे आणि कविता म्हणजे माझ्या फोनवर आलेली एक पावती. मामेभावाच्या मुलीच्या लग्नाला आईला घेऊन पुण्याहून नागपूरला गेलो होतो, त्या दोन विमान तिकिटांची. कंपनीचं नाव सांगत नाही. स्वस्त विमानसेवा हे आता एक घराणंच झालं आहे. गायक बदलला तरी बंदिश तीच.

शोधाच्या पानावर माणशी ३,४९९ रुपये दिसले होते, म्हणजे दोघांचे ६,९९८. पावतीच्या शेवटच्या ओळीत १०,२९८ आहेत. मधले ३,३०० रुपये कुणी खिशातून काढून घेतले नाहीत. एकेका बटणावर बोट ठेवत मीच दिले. या मजकुराकडे फसवणूक म्हणून पाहिलं तर चिडचिडीपलीकडे हाती काही लागत नाही. रचना म्हणून पाहिलं तर दाद द्यावी लागते.

रचना कीर्तनाची आहे. पूर्वरंगात एकच ठसठशीत आकडा, बाकी सगळं शांत. मग मध्यंतर. कीर्तनात या वेळी बुवांना बुक्का लावतात, हार घालतात. इथे आपल्याकडून नाव, वय, मोबाइल नंबर भरून घेतात. आपलं आणि आईचं नाव एकदा टाइप केलं की माणूस मनाने प्रवासाला निघालेलाच असतो. उत्तररंग सुरू होतो तो यानंतर. सीटचे, सामानाचे, सँडविचचे दर पहिल्याच पानावर असते तर मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सचा विचार केला असता. आख्यान रंगात आल्यावर मात्र कुणी उठून जात नाही. या क्रमाची जाण हीच मला कवीची सर्वांत मोठी कारागिरी वाटते.

आता ओळींकडे. पहिली ओळ ‘बेस फेअर’, माणशी २,६००. बेस म्हणजे पाया, आणि पायात कुणी राहत नाही. मजले पुढे चढायचे आहेत, हे पहिल्याच शब्दात सुचवून ठेवलं आहे. त्याखाली अवघड नावांचा एक घोळका येतो. ‘एव्हिएशन सिक्युरिटी फी’ २३६ रुपये: २०० रुपये सुरक्षेचे आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. ‘यूडीएफ’, म्हणजे विमानतळाच्या विकासासाठी प्रवाशाकडून घेतलं जाणारं शुल्क. साध्या वर्गाच्या भाड्यावर पाच टक्के जीएसटी. मग ‘रीजनल कनेक्टिव्हिटी’चे पन्नास. हा पैसा ‘उडान’ योजनेकडे जातो, लहान शहरांची विमानं चालावीत म्हणून. २७ एप्रिल २०१७ ला या योजनेची पहिली विमानं सुटली, त्यांत शिमला–दिल्लीबरोबर नांदेड–हैदराबादही होतं. पुणे–नागपूर करणाऱ्याने नांदेडकरांसाठी पन्नास रुपये टाकायचे, यात मला काही वावगं वाटत नाही. फक्त ते ओळीत वाचून कळत नाही, एवढीच तक्रार.

आणि मग ती जगप्रसिद्ध ओळ: ‘क्यूट फी’. आई चष्मा पुसत म्हणाली, “अरे, यात क्यूट काय आहे? मी की तू?” २०२४ मध्ये एका प्रवाशाने हाच प्रश्न इंडिगोला समाजमाध्यमावर जाहीरपणे विचारला होता आणि दोन दिवस देशभर हसू पिकलं होतं. उत्तर अगदीच रुक्ष आहे. कॉमन यूज टर्मिनल इक्विपमेंट या चार शब्दांची ती आद्याक्षरं. विमानतळावरची संगणक, छपाई अशी यंत्रं सगळ्या कंपन्या सामाईक वापरतात, त्याचं भाडं. संपूर्ण पावतीत विनोद असलेली ही एकच ओळ, आणि तीही कवीने जाणूनबुजून केलेली नाही.

या घोळक्यातली नावं कानाला खडबडीत आहेत. वाचताना जीभ अडखळते. पण प्रत्येक नावामागे एक ठिकाण आहे: विमानतळ, सुरक्षा, सरकार, यंत्र. रुपया कुठे गेला ते शोधलं तर सापडतं.

इथून पुढे भाषा बदलते. सगळं गोड होऊ लागतं. ‘तुमच्या आवडीची सीट निवडा’. आसनांचा नकाशा उघडतो, रंगीत आणि देखणा. खिडकीचा रंग वेगळा, पुढच्या रांगांचा वेगळा, पाय लांब करता येतील अशा सीटचा तर राजवर्खीच. फुकटच्या सीट शोधाव्या लागतात. सापडल्या त्या मागच्या रांगांत, मधल्या, एकमेकींपासून दूर. ‘सीट नको, पुढे चला’ हे वाक्य पानाच्या तळाशी फिक्या करड्या अक्षरांत होतं. नियमाने अशा सेवा प्रवाशाने मागून घ्यायच्या असतात, आधीच माथी मारायच्या नसतात. आणि नियम अक्षरशः पाळलेला होता. खूण आधीच केलेली नव्हती. नुसती भीती घातलेली होती की आई पाचव्या रांगेत आणि मुलगा सत्ताविसाव्या. एप्रिल २०२४ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आईजवळ किंवा वडिलांजवळ सीट द्यावी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला त्रेपन्न वर्षांच्या मुलाजवळ बसवा, असं त्या परिपत्रकात नाही. दोन सीटचे सहाशे दिले.

सामानाची ओळ २,००० रुपयांची. पंधरा किलो फुकट. आईच्या बॅगेत आहेराच्या साड्या, बाकरवडी आणि कुणा वहिनीसाठी पितळेची समई. पाच किलो जास्तीचे आधीच विकत घेतले, कारण काउंटरवर दर किलोला चढतो हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. या ओळीला इतिहास आहे. २०१६ मध्ये महासंचालनालयाने पंधरा ते वीस किलोच्या टप्प्यात किलोला शंभर रुपयांची मर्यादा घातली होती. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती काढून टाकली. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “एसटीत कंडक्टर पोत्याकडे बघून तोंडावर सांगायचा, लगेजचं तिकीट काढा. भांडता तरी यायचं.”

जुन्या पोथीचे पाठभेद असतात तसे या मजकुराचेही आहेत. काही ओळी आल्या आणि गेल्या. काउंटरवर बोर्डिंग पास छापून घेतला तर दोनशे रुपये, ही ओळ काही काळ प्रचलित होती. जुलै २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ती नियमबाह्य ठरवून खोडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंडिगोच्या पावतीत ‘फ्युएल चार्ज’ अवतरला, अंतरानुसार तीनशेपासून हजारापर्यंत. इंधन स्वस्त झालं तेव्हा, ४ जानेवारी २०२४ ला, तो गळला; आणि त्याच महिन्यात पुढच्या रांगेतल्या ऐसपैस सीटचा दर दोन हजारांपर्यंत गेल्याच्या बातम्या आल्या. प्रक्षिप्त ओवी काढली की शेजारची ओवी लांबते, हे संहितेच्या अभ्यासकांनी टिपून ठेवावं.

परंपरेविषयी थोडं. आपल्याकडे या प्रकाराचे आद्य कवी म्हणजे कॅप्टन गोपीनाथ. २००३ मध्ये त्यांची एअर डेक्कन उडाली. विमानात खाणं विकत, आणि काही तिकिटं एक रुपयात, कर वेगळे. शुभंकर म्हणून त्यांनी आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्याच्या कोटातला कॉमन मॅन घेतला होता. तो एक रुपया अतिशयोक्त होता, पण त्यात एक प्रामाणिक हाक होती: तूही ये. वडे-चहा स्वतःचा आण किंवा विकत घे, पण ये. जे नको त्याचे पैसे देऊ नका, हे या घराण्याचं मूळ तत्त्व आजही मला पटतं. मी विमानात काही खात नाही. शेजाऱ्याच्या उपम्याचे पैसे मी का द्यावेत? बिघाड तत्त्वात नाही, त्याची हद्द कुठे ते विसरण्यात आहे. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये एक रेघ ओढली: डिकीत जाणाऱ्या सामानाचे वेगळे पैसे घ्या, पण बेताच्या आकाराची हातातली पिशवी प्रवासाचा भागच आहे, तिचे नाही. म्हणजे काय घेतलं तर चालेल हा प्रश्न नसून, काय काढून टाकलं तर प्रवास प्रवास राहत नाही, हा प्रश्न आहे.

त्या कसोटीवर माझ्या पावतीची शेवटून दुसरी ओळ घ्या: ‘कन्व्हीनियन्स फी’, दोघांचे ७००. सोयीचं शुल्क. सोय कुणाची? तिकीट मी काढलं, नावं मी टाइप केली, सीट मी निवडली, पैसे माझ्या बँकेतून माझ्या फोनवरून गेले. कंपनीला खिडकी उघडावी लागली नाही की माणूस बसवावा लागला नाही. कीर्तन संपल्यावर आरतीचं तबक फिरतं, त्यात माणूस मनाला येईल तेवढं टाकतो. इथे तबकात आकडा आधीच कोरलेला आहे. पावतीतला सर्वांत मधुर शब्द सर्वांत पोकळ ओळीवर बसवला आहे. कवी म्हणून हे धाडस थोरच, पण दाद इथे संपते. ही ओळ खोटी आहे.

खडबडीत आणि गोड नावांतला हा फरक नुसता कानाचा नाही. त्याची परीक्षा तिकीट रद्द केल्यावर होते. महासंचालनालयाच्या नियमानुसार तिकीट रद्द केलं, इतकंच काय विमान चुकलं तरी, सरकारी कर, सुरक्षा शुल्क आणि यूडीएफ प्रवाशाला परत मिळायला हवेत. भाडं ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरीही. सोयीच्या शुल्कापुढे मात्र बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ते परत मिळणार नाही. परतीच्या वेळी आई लग्नघरी राहिली, तिचं नागपूर–पुणे तिकीट वाया गेलं, आणि मी मागितले तेव्हा त्यातले कराचे, सुरक्षेचे आणि यूडीएफचे पैसे बारा दिवसांनी खात्यात आले. तुमच्या फोनमध्येही एखादी न वापरलेली पावती पडून असेल. ती उघडा, अवघड नावांपुढचे आकडे जमवा आणि मागा.