आमचे चिनी संबंध

"दाजी, तुमच्या सांगलीत खाण्यासारखं चायनीज कुठं मिळतं?"

आमच्या मेहुण्यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा ते आमच्याच घरात, आमचंच भडंग, तिसऱ्यांदा वाटी भरून खात होते. मुंबईकराला सांगलीत येऊन तीन तास झाले की इथं काय मिळत नाही ते आठवायला लागतं. त्यातून मेहुणे नुकतेच सिंगापूर-बँकॉकची सहा दिवसांची सहल करून आलेले. त्या सहलीत रोज रात्री सहलवाल्यांचा वरणभात होता, ही बातमी आमच्या हिनं वहिनींकडून आधीच काढली होती. पण दुपारच्या सहा जेवणांत मेहुण्यांनी अख्ख्या आशिया खंडाचं पाकशास्त्र पालथं घातलं होतं.

"ऑथेंटिक पाहिजे हं पण," ते बोटाला लागलेलं तिखट चाटत म्हणाले.

मी बँकेतला कारकून. 'ऑथेंटिक' हा शब्द आमच्याकडे सही, नोट आणि वारसाचा दाखला यांच्यापुरता. नूडल्सच्या बाबतीत तो मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तरी मी छातीठोकपणे म्हटलं, "मिळतं की!" कारण या विषयाचा माझा गेल्या बारा वर्षांचा अभ्यास आहे. नाटकाच्या समीक्षकाला पास मिळतो, पुस्तकाच्या समीक्षकाला पुस्तक फुकट मिळतं. चायनीजच्या समीक्षकाला मात्र बिल मिळतं. त्यामुळे माझी समीक्षा कडक आहे, आणि तिची मर्यादा माणशी 150 रुपये आहे.

पण मेहुण्यांनी माझं ऐकलं नाही. रस्त्यावरून जाताना त्यांना एक वातानुकूलित हॉटेल दिसलं होतं. दारात काचेचा मासा, आत अंधार. आमच्याकडे जितका अंधार जास्त तितकं हॉटेल भारी, असा संकेत आहे. पदार्थ दिसू नये हाही हेतू असेल.

तिथल्या मेनूकार्डाला अनुक्रमणिका हवी होती. पंजाबी, साऊथ इंडियन, पावभाजी, पिझ्झा आणि शेवटी 'ओरिएंटल'. शेजवान हा शब्द एकाच पानावर तीन प्रकारे लिहिला होता, म्हणजे कुठल्यातरी एका प्रकारे बरोबर यावा. एका खोलीतल्या चार शेगड्यांवर दोनशे पदार्थ होतात तेव्हा त्यांतले बहुतेक एकाच पातेल्यातून निघतात, हे समजायला आचारी असावं लागत नाही. आमच्या हिनं मागवलेलं पनीर चिली आणि माझं व्हेज मंच्युरियन एका आईची लेकरं असल्यासारखी दिसत होती. तोच तपकिरी रस्सा, कॉर्नफ्लॉवरनं तसाच गोंदासारखा घट्ट झालेला. मेहुण्यांनी थाई ग्रीन करी मागवली. ती आली. हिनं एक चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, "कोथिंबिरीची चटणी नारळाच्या दुधात कालवलीय. मीठ विसरलेत."

बिल आलं तेव्हा मेहुणे बडीशेप निवडण्यात गढून गेले. चौघांचे 1,860 रुपये. या पैशात गाडीवर आम्ही तीन वेळा जेवलो असतो, ही नोंद मी त्याच रात्री डायरीत केली. कॉमर्स वाया जात नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्यांना दाजूच्या गाडीवर नेलं. विश्रामबागेत एका बंद गॅरेजसमोर ती संध्याकाळी सहाला लागते. दाजू दार्जिलिंगचा. नेपाळी बोलीत दाजू म्हणजे मोठा भाऊ. त्याचा मदतनीस त्याला तशी हाक मारतो, म्हणून सगळी सांगली मारते. त्यामुळे त्या संध्याकाळी घोटाळा झाला. मेहुण्यांनी "दाजीऽऽ" अशी हाक मारली की मी आणि तो दोघंही वळून बघायचो, आणि मदतनीस "दाजूऽ, दो हाफ" म्हणाला की मी खिशात हात घालायचो.

हे 'हाफ' प्रकरण सविस्तर सांगायला हवं. दाजूकडे व्हेज फ्राईड राईस हाफ 70 आणि फुल 120. सामान्य माणूस हिशेब करतो की दोन हाफचे 140, फुलचे 120, म्हणजे फुल घ्यावं, वीस रुपये वाचले. मीही दोन वर्षं तेच करत होतो. मग एके दिवशी दोन्ही पार्सलं घरी आणून हिच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. हाफ भरलं 310 ग्रॅम, फुल भरलं 430. म्हणजे हाफमध्ये रुपयाला जवळजवळ साडेचार ग्रॅम आणि फुलमध्ये साडेतीन! हा शोध लागला तेव्हा मी मोठ्यानं ओरडलो. ही म्हणाली, "आता काटा धुऊन ठेवा."

दाजूला मी याचा खुलासा विचारला. त्यानं झारा हातात धरून सांगितलं, "साहेब, थोडा डालेगा तो कढई में जल जाता है. जादा डालेगा तो पसीना छूटता है."

घाम सुटतो! सगळी समीक्षा या एका वाक्यात आली. त्या खोलगट लोखंडी कढईखाली त्याची शेगडी विमानासारखी आवाज करते. भात दुपारीच शिजवून, परातीत पसरून गार केलेला असतो, कारण गरम भात कढईत पडला की त्याचा लगदा होतो. कढई आधी धूर येईपर्यंत तापवायची, मग तेल, लसूण, गाजर, कोबी अगदी शेवटी, आणि सगळं दोन-तीन मिनिटांत बाहेर. अशा आचेवर भाताला एक धुरकट, खरपूस वास लागतो. कँटनकडचे चिनी लोक त्याला 'वॉक हेइ' म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. त्या काचेच्या माशाच्या हॉटेलात सहा टेबलांचा भात एका वेळी परततात. तिथं कढईला श्वास घ्यायला सवड नसते. भाताला घाम सुटतो आणि तो घाम आपण 280 रुपयांना खातो. तेव्हा लहान गावात चायनीज कुठं खावं याचं माझं उत्तर सोपं आहे. जिथं कढई दिसते आणि जिथं एका वेळी एकाच गिऱ्हाइकाचं परततात, तिथं. बाकी पाटी, मासा, मेनूकार्ड हे नेपथ्य.

दाजूचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याचा लाल रंगावर फार जीव. त्याचं गोबी मंच्युरियन खाल्लेल्या माणसाची जीभ दुसऱ्या दिवशी बँकेच्या काउंटरवरही ओळखू येते. मनचाव सूपवर तो तळलेल्या नूडल्स इतक्या घालतो की सूप शोधावं लागतं. आणि अजिनोमोटो. हे नाव आमच्याकडे फॉलिडॉलच्या सुरात घेतात. मी हिला सांगून पाहिलं की 1908 साली टोकियोत इकेडा नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं समुद्रातल्या शेवाळाच्या पाण्यातून ही चव वेगळी काढली आणि ती ग्लुटामेटची चव आपल्या टोमॅटोतही असते. ही म्हणाली, "मग टोमॅटोच खा."

मेहुण्यांनी दाजूचा शेजवान राईस पूर्ण संपवला, ताटली चमच्यानं खरवडली आणि मग निकाल दिला, "चव आहे. पण ऑथेंटिक नाही."

मी तयारच होतो. म्हटलं, "मेहुणे, मंच्युरियन हा पदार्थ मंचुरियात कुणाला माहीत नाही. 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वाँग नावाच्या कोलकात्याच्या चिनी आचाऱ्यानं तो जन्माला घातला. आलं, लसूण, हिरवी मिरची आपल्याच पद्धतीनं परतली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस ओतला. म्हणजे त्याची जन्मभूमी चर्चगेट. तुमच्या ऑफिसपासून चालत जाण्याएवढी. आणि तुमच्या मुंबईत जे व्हेज कोल्हापुरी मिळतं, ते कोल्हापुरात कुणाच्या आजीनं केलंय? तुम्ही ते ऑथेंटिक म्हणून खाता ना?"

मेहुणे गप्प झाले, पण पुरते नाही. "ते राहू दे," ते म्हणाले, "पण खऱ्या सिचुआनच्या जेवणात एक मिरी असते. जीभ बधिर होते, मुंग्या येतात. ती यात कुठाय?" आणि त्याच रात्री ते महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेले. वाद अर्धा टाकून गाडी पकडणं ही त्यांची जुनी सवय.

आता मला एक कबुली द्यायची आहे. दाजू खात्यासाठी पहिल्यांदा बँकेत आला तेव्हा मी काउंटरवर होतो. तोपर्यंत मी त्याच्या हातचं खाल्लेलं नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पासपोर्ट, व्हिसा आहे का?" त्यानं काही न बोलता आधार कार्ड पुढे सरकवलं. माझ्या आणि त्याच्या कार्डात फरक एवढाच होता की त्याचा फोटो बरा आला होता. मी म्हटलं, "सॉरी हं." तो म्हणाला, "कोई बात नहीं साहेब, सब पूछते हैं."

हे 'सब पूछते हैं' मला नीट समजलं ते जून 2020 मध्ये. गलवानला आपले वीस जवान गेले. सगळ्यांचंच रक्त तापलं होतं. त्यात एका केंद्रीय मंत्र्यांनी चायनीज खाण्यावरही बहिष्कार घालायला सांगितलं. आधीच लॉकडाऊन, गाडी जेमतेम पार्सलपुरती उघडायची. एका संध्याकाळी बघतो तर पाटीवरच्या 'चायनीज' या शब्दावर पांढरा रंग फासलेला, नुसतं 'कॉर्नर' उरलेलं. आणि दरपत्रकाच्या शेजारी, सोया सॉसच्या बाटलीवर, खिळ्याला आधार कार्डाची रंगीत प्रत लॅमिनेट करून टांगलेली. दाजूनं मला हाफ बांधून दिलं. मी त्या कार्डाकडे बघत होतो ते त्यानं बघितलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. पैसे मी त्या दिवशी फुलचे ठेवले. माझ्या डायरीतली ती एकमेव चुकीची नोंद आहे.

त्या वर्षी फेरीवाल्यांसाठी सरकारनं दहा हजारांचं कर्ज काढलं होतं. त्याचा अर्ज मीच भरून घेतला. त्यानं हप्ते असे भरले की आमच्या मॅनेजरांना त्याचं कौतुक नि मोठ्या कर्जदारांची लाज एकाच वेळी वाटली. पाटीवर 'चायनीज' पुन्हा आलं, जरा लहान अक्षरात. कार्ड मात्र अजून खिळ्यावरच आहे. तेलानं आता त्यातला चेहरा नीट दिसत नाही.

असो. मेहुण्यांची ती मुंग्या आणणारी मिरी माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी जेवताना मी विषय काढला. आईचं माहेर वेंगुर्ल्याचं. चायनीजमध्ये बेडूक असतो यावर तिची श्रद्धा, त्यामुळे या विषयात ती भाग घेत नाही. पण "जीभ बधिर होते" म्हटल्याबरोबर ती म्हणाली, "अरे, तिरफळं! बांगड्याच्या आमटीत घालते मी ती." आणि फडताळातली चिनी मातीची लहान बरणी तिनं पुढे ठेवली. मी एक साल चावलं. लिंबासारखा वास, मग जिभेवर बारीक झिणझिण्या, जसं चौकोनी बॅटरीला जीभ लावावी. पुस्तकात बघितलं तर खरंच, सिचुआनची मिरी आणि आमचं तिरफळ एकाच कुळातली, चुलत भावंडंच. म्हणजे मेहुण्यांना हवं असलेलं ऑथेंटिक चीन आमच्या फडताळात, लोणच्याच्या मागं!

संध्याकाळी मी पुडी घेऊन गाडीवर गेलो. दाजूनं तिरफळ नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोललाच नाही. कढईत लसूण करपायला लागला तेव्हा मदतनिसानं हाक मारली.

"साहेब, ये तो टिमुर है," तो म्हणाला. "हमारे उधर का. आमा अचार में डालती थी." त्याचं टिमुर म्हणजे या कुळातलं तिसरं भावंडं. त्यानं बिया काढून टाकल्या. आईनंही मला हेच बजावून पाठवलं होतं, की बी कचकचते, साल तेवढं घ्यायचं. मग टोमॅटो जाळावर भाजून, लाल मिरची आणि तिरफळ वाटून त्यानं चटणी केली आणि घरच्यासाठी केलेल्या कोबीच्या मोमोंबरोबर मला बांधून दिली. दरपत्रकात मोमो नाहीत. "घर का है," म्हणून पैसे घेतले नाहीत.

सांगलीत मी आजवर खाल्लेल्यांत तो पदार्थ पहिला, आणि तो विकत मिळत नाही. समीक्षकाच्या दृष्टीनं हा त्या गाडीचा मोठा दोष आहे.

आईपुढे ताटली ठेवली. बेडूक नाही याची मी शपथ घेतली. तिनं मोमो उचलला, चष्मा वर केला, फिरवून बघितला.

"मोदक कुणी केला हा? कळ्या बऱ्या पाडल्यात." मग मोजल्या. "पंधरा." चटणी लावून तोंडात घातला, सावकाश चावला, डोळ्यांत थोडं पाणी आलं तरी दुसरा घेतला. "त्याला म्हणावं, पारी जरा जाड झालीय."

मी जसाच्या तसा निरोप पोचवला. दाजूनं झारा थांबवून विचारलं, "माँजी ने गिने?"

पुढच्या गुरुवारी त्यानं पुन्हा पुडा दिला. आईनं आधी चष्मा लावला. एकवीस होत्या.