फुलराणीची वाणी : भक्ती बर्वे यांच्या विनोदी अभिनयाचा भाषादृष्ट्या विचार

विनोदी अभिनेत्रीचे मूल्यमापन करताना समीक्षक बहुधा तिची मुद्रा, तिच्या हालचाली आणि तिचे समयभान यांचा परामर्श घेतात. तिच्या उच्चाराचा स्वतंत्र विचार क्वचितच होतो. भक्ती बर्वे (१९४८–२००१) यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण ज्या भूमिकेवर त्यांची कीर्ती उभी आहे, त्या भूमिकेचा विषयच मुळी उच्चार हा आहे.

पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’ हे नाटक १९७५ साली रंगभूमीवर आले. त्याचे मूळ बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकात आहे. ते नाटक प्रथम १९१३ साली व्हिएन्ना येथे जर्मन भाषेत आणि पुढील वर्षी लंडन येथे इंग्रजीत झाले. मराठी रूपात फुले विकणारी मंजुळा साळुंखे ही नायिका असून तिला ‘शुद्ध’ बोलावयास शिकविण्याची पैज घेणारे अशोक जहागीरदार हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक आहेत. ही भूमिका सतीश दुभाषी यांनी केली. शॉ यांच्यापुढे प्रश्न होता तो प्रामुख्याने वर्गभेदाचा. मराठीत त्याला जात आणि प्रदेश हे आणखी दोन पदर आपोआप जोडले जातात. नायकाचे आडनाव उच्चारताच ते प्रेक्षकाच्या ध्यानी येतात.

या भूमिकेसाठी भक्ती बर्वे यांची जी पूर्वतयारी झाली होती, ती लक्षात घेण्याजोगी आहे. सुधा करमरकर यांच्या बालरंगभूमीवर त्यांच्या अभिनयाचा आरंभ झाला. पुढे आकाशवाणीवर निवेदिका आणि मुंबई दूरदर्शनवर वृत्तनिवेदिका म्हणून त्यांनी काम केले. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. म्हणजे ज्या काळात या माध्यमातून प्रमाण मराठीचा उच्चार घरोघर पोचू लागला होता, त्याच काळात तो उच्चार करणारी एक व्यक्ती सायंकाळी रंगमंचावर मंजुळा होत होती. प्राध्यापक जहागीरदारांना जी वाणी घडवावयाची होती, ती या अभिनेत्रीजवळ आधीच होती. तिला घडवावी लागली ती मंजुळेची पहिली वाणी.

येथेच त्यांच्या कलेचे मर्म आहे. मराठी नाटकात अशिक्षित पात्र ओळखू यावे म्हणून ‘ण’च्या जागी ‘न’ घालावा, ‘नाही’चे ‘न्हाई’ करावे आणि आवाज चढवावा, अशी एक जुनी रूढी आहे. या रूढीच्या मुळाशी एक चुकीची समजूत आहे. बोली म्हणजे प्रमाणभाषेत झालेल्या चुकांची यादी, असे तीत गृहीत धरलेले असते. वस्तुतः प्रत्येक बोलीला स्वतःची ध्वनिव्यवस्था असते, स्वतःचा आघात आणि स्वतःची लय असते. भक्ती बर्वे यांनी मंजुळेचे बोलणे चुकांची बेरीज म्हणून केले नाही. एका सलग व्यवस्थेप्रमाणे केले. अपमान झाल्यानंतर मंजुळा सूड घेण्याची प्रतिज्ञा करते, ते सुप्रसिद्ध स्वगत याचा उत्तम पुरावा होय. त्यात शब्द वेगाने येतात, परंतु एकही अस्पष्ट होत नाही. रडू आणि धमकी यांच्यामध्ये स्वर क्षणात पालटतो, तरी वाक्याचा तोल सुटत नाही. प्रेक्षक हसतो, पण तो मंजुळेच्या ‘न’काराला हसत नाही, तिच्या कल्पनेच्या भरारीला हसतो. बोलीला हसणे आणि बोलीतून हसणे यांतील अंतर ते हेच.

हे अंतर जालन्यासारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने केवळ नाट्यशास्त्राचे नाही. हा प्रदेश १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. प्रमाण मराठी येथे शाळेच्या द्वारे बऱ्याच उशिरा प्रतिष्ठित झाली. ‘मी जातो आहे’ याऐवजी ‘मी जायलोय’, आणि ‘का’ याऐवजी ‘काहून’ म्हणणारा भोकरदन किंवा परतूरकडचा विद्यार्थी वर्गात पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा मंजुळेची परिस्थिती त्याला समजावून सांगावी लागत नाही. मात्र एक विसंगती येथे नोंदविली पाहिजे. मंजुळेचे स्वगत एकपात्री स्पर्धांत आवडीने सादर केले जाते. मराठवाड्यातील मुलगी ते सादर करते तेव्हा तिला आपली बोली दोनदा सोडावी लागते : एकदा प्रमाण मराठीसाठी, आणि पुन्हा रंगभूमीने ठरवून दिलेल्या मुंबईच्या ‘अशुद्ध’ मराठीसाठी. भक्ती बर्वे यांचे अनुकरण करणाऱ्यांनी त्यांचे उच्चार घेतले, त्यांची पद्धत घेतली नाही. ती पद्धत घेतली असती, तर मंजुळा जालन्याच्या बोलीतही तितकीच समर्थपणे बोलू शकली असती.

त्यांच्या उत्तरकालीन भूमिका या दृष्टीने तपासण्यासारख्या आहेत. कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारों’ (१९८३) या हिंदी चित्रपटात त्यांनी शोभा ही संपादिका रंगविली. तेथे विनोद उलट दिशेने येतो. भाषा सफाईदार, स्वर सभ्य, आणि हेतू मात्र स्वार्थी. निर्दोष उच्चार हा सचोटीचा पुरावा नव्हे, हे त्या भूमिकेने हसत हसत सिद्ध केले. अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होते’ या नाटकात घरकामातून निवृत्ती जाहीर करणाऱ्या गृहिणीचा साधा घरगुती स्वर त्यांनी विनोदाकडून वेदनेकडे नेला. अजित दळवी यांच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’मध्ये त्यांनी कस्तुरबा साकारल्या. विनोदाने कमावलेला संयम येथे शोकात्म भूमिकेच्या कामी आला.

त्यांच्या चित्रपटीय कारकिर्दीचा व्याप मात्र लहान राहिला. पडद्याने त्यांच्या वाणीचा पुरेसा उपयोग करून घेतला नाही, असे म्हणणे भाग आहे. १२ फेब्रुवारी २००१ रोजी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात त्यांचा अंत झाला.

नाटकातील पैज प्राध्यापक जिंकतात; परंतु त्यांनी शिकविलेल्या भाषेतच मंजुळा त्यांना जाब विचारते. अशा प्रसंगी सामान्य अभिनेत्री पहिल्या अंकातील मुलगी पुसून टाकील. भक्ती बर्वे यांच्या शुद्ध मराठीखाली पहिल्या मंजुळेचा आवेश आणि तिची लय कायम राहिली. नवी भाषा मिळविण्यासाठी जुनी गमवावी लागत नाही, हा भाषाशास्त्राचा सिद्धान्त आहे. व्याकरणाच्या तासाला तो सांगून पटत नाही, त्यांच्या अभिनयात तो ऐकू येतो. भाषेच्या अभ्यासकाने या अभिनेत्रीकडे वळावे ते याच कारणासाठी.