कोयत्याचा हिशेब

स्थलांतर आणि सामाजिक सुरक्षा यांवरचे अहवाल वाचताना मी एका साध्या शब्दापाशी अडतो : रहिवासी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१२मध्ये स्वीकारलेली २०२ क्रमांकाची शिफारस घ्या. प्रत्येक देशाने निदान आपल्या सर्व रहिवाशांना व मुलांना किमान आरोग्यसेवा आणि उत्पन्नाची हमी द्यावी, असे ती सांगते. हेतूविषयी तक्रार नाही. पण वर्षातले पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत काढणारे बीडचे कुटुंब रहिवासी कुठले?

ऊसतोडीच्या धंद्याला हा प्रश्न पडत नाही. त्याने मोजणीचे आपले एकक केले आहे – कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, मजुरी निघते टनावर, आणि आजारपणात दिवस बुडाला की खाडा लागतो तोही जोडीच्या हिशेबात. बाईचा वेगळा आकडा उमटतच नाही.

तो उमटला तो भलत्याच ठिकाणी. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या २०१९च्या पाहणीत बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची गर्भाशये काढलेली आढळली. चर्चा झाली ती आरोग्याचा प्रश्न म्हणून, आणि ती व्हायलाच हवी होती. मला मात्र तो मजुरीच्या पद्धतीचा आकडा वाटतो. पाळीच्या दुखण्यात बसून राहिलेला दिवस जिथे दंडाचा ठरतो आणि रजा मागायला समोर मालकच नसतो, तिथे डॉक्टरने सुचवलेली शस्त्रक्रिया हिशेबात बसते.

कायद्याची तऱ्हा आणखी निराळी. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात विस्थापन भत्ता होता : महिन्याच्या मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये, जे जास्त असेल ते. पण राज्याची सीमा ओलांडली तरच. बीडहून बेळगावला गेलेला मजूर स्थलांतरित, कोल्हापूरला गेलेला नाही! २०२०च्या संहितेतल्या व्याख्येनेही ही सीमा सोडलेली नाही.

‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना ३१ जुलै २०२१पर्यंत सर्व राज्यांत लागू करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. अभ्यासकांना ही योजना फार आवडते, आणि माणशी ५ किलो धान्य माणसामागे जाणे ही लहान गोष्ट नव्हे. पण ते उचलीची जागा घेऊ शकत नाही. पावसाळ्यात दुखणे निघाले, लग्न ठरले, बियाणे आणायचे झाले, तर रोख पैसा हातावर ठेवणारा माणूस मुकादमच. उचलीला वेठबिगारी म्हणतात. ते खरेच आहे. पण विमा, पतपुरवठा आणि बेकारीभत्ता ही तिन्ही कामे आज तीच उचल करते, याची दखल मी वाचलेल्या अहवालांत फार थोड्यांनी घेतली आहे. उचल बंद करा म्हणणाऱ्याने जूनमधला पैसा कुठून येईल तेही लिहावे.

हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. हा अंक हाती पडेल तोवर यंदाच्या उचली वाटून झालेल्या असतील.