‘मादाम क्यूरी’ चरित्रातील रक्ततपासणी

ईव्ह क्यूरी यांनी आपल्या आईचे चरित्र १९३७ साली प्रसिद्ध केले. मेरी क्यूरींविषयी वर्गात आपण जे सांगतो, त्यातले बरेचसे याच पुस्तकातून झिरपत आलेले आहे. पुस्तक सुरेखच आहे. आमची तक्रार आहे ती अखेरच्या भागाबद्दल.

१९३४ च्या उन्हाळ्यात मादाम तापाने अंथरुणाला खिळल्या. क्षयाच्या शंकेने त्यांना आल्प्समधील आरोग्यधामात हलवले, पण फुप्फुसे निर्दोष निघाली. जिनिव्हाच्या तज्ज्ञाने लागोपाठच्या रक्ततपासण्या ताडून पाहिल्या. तांबड्या आणि पांढऱ्या, दोन्ही पेशी झपाट्याने घटत होत्या. निदान झाले ‘पर्निशस अ‍ॅनिमिया’. मृत्यूनंतरच्या अहवालात त्याला ‘अप्लास्टिक’ हे विशेषण लागले.

येथे वाचक हमखास गोंधळतो. ‘पर्निशस’चा येथे अर्थ घातक, एवढाच. आज त्या नावाने ओळखला जाणारा आजार ब-१२ जीवनसत्त्व शोषले न गेल्याने होतो. त्यात अस्थिमज्जा पेशींनी भरलेली असते, पण त्या नीट पिकत नाहीत. उपचार मिळताच आठवड्याभरात रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशी, रक्तात वाढतात. (यकृत खायला घालून हा आजार आटोक्यात आणणाऱ्यांना नोबेल मिळाले तेही १९३४ सालीच!) अप्लास्टिक प्रकारात मात्र कारखानाच ओस पडतो. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही घटतात, आणि रक्त इतके कमी असूनही रेटिक्युलोसाइट वाढत नाहीत. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट ८ ते १० दिवस, तर न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी रक्तात जेमतेम दिवसभर टिकते. त्यामुळे जंतुसंसर्गाचा ताप वा रक्तस्राव हेच पहिले लक्षण असू शकते.

हे ईव्हनी लिहायला हवे होते असे नाही. त्या डॉक्टर नव्हत्या. खटकते ते वेगळेच. रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये रक्ततपासणीचा नियम होता. मादाम स्वतः तपासणीला कशाबशा तयार होत. तीत दोष दिसला तरी त्यांनी पर्वा केली नाही, आणि ईव्ह हे जवळजवळ कौतुकाने सांगतात. मणामणाने खनिज आटवून चिमूटभर रेडियम मोजणाऱ्या बाईंनी हे एक मोजमाप दूर सारले! आपणही वर्गात त्याला ‘त्याग’ म्हणतो. त्या तपासण्यांचे आकडे वर्षवार दिले असते, तर अर्धे पान पुरले असते.